कडी पाळण्याची, पंखा विजेचा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जुन्या घरात गेलात तर एकदा मान वर करून बघा. ओसरीच्या, माजघराच्या, माडीच्या तुळयांना लोखंडी कड्या दिसतील. चार असल्या तर त्या झोपाळ्याच्या. माजघरात आतल्या अंगाला दिसली तर पाळण्याची. बैठकीच्या मधोमध असेल ती हंडी-झुंबराची. घर उभं राहतानाच मालकाने सुताराकडून त्या बसवून घेतलेल्या असतात. घरात मूल होणार, पाहुणा येणार, दिवा लागणार, एवढं त्याला दिसत होतं. पंख्याची कडी मात्र या घरांत नसते. डोक्यावर गरगर फिरणारा वारा बांधणाऱ्याच्या कल्पनेतच नव्हता.

अशा खोलीत आज पंखा लावायचा म्हटलं, की वायरमन दोन प्रश्न विचारतो. टांगायचा कशाला? आणि तार आणायची कुठून? हे दोन्ही प्रश्न शंभर वर्षांहून जुने आहेत. आपल्याकडे घरं आधी झाली आणि वीज मागून आली. म्हणून पंख्याचा इतिहास जेवढा कारखान्यांत आहे, तेवढाच भिंतीवरून वर चढलेल्या लाकडी पट्टीत आणि तुळईला मारलेल्या लोखंडी पट्ट्यात आहे. तो कुणी फारसा लिहून ठेवलेला नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत आपण ‘वारा घालतो’. जेवायला बसलेल्या पाहुण्याला, तापलेल्या लेकराला, शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला वारा घालायचा असतो. या क्रियापदात दोन माणसं आहेत, एक घालणारा आणि एक घेणारा. देवावर चवरी ढाळतात, दर्ग्यात मोरचेल फिरवतात, तिथेही तेच. वीज आली आणि क्रियापद बदललं. आपण ‘पंखा लावतो’ असं म्हणू लागलो. गंमत अशी, की बटण दाबणं म्हणजेही पंखा लावणं, आणि पंखा छताला टांगून घेणं म्हणजेही पंखा लावणंच. वारा घालणारं माणूस मात्र या वाक्यातून निघून गेलं.

ते माणूस कोण होतं? विजेआधीचा मोठा पंखा म्हणजे लाकडी चौकटीला कापडाची झालर लावून छताला टांगलेला लांबलचक फळाच. उर्दूत मोठ्या पंख्याला फर्राशी पंखा म्हणत. फर्श म्हणजे बिछायत, ती घालणारा तो फर्राश. पुण्यातला फरासखाना आपल्याला पोलीस चौकीमुळे ठाऊक असतो, पण मूळ शब्द हाच. तंबू, सतरंज्या, बिछायती सांभाळण्याचं ते खातं. वारा हाही त्या काळी बैठकीच्या सरंजामाचाच भाग होता.

टांगता पंखा अठराव्या शतकाच्या अखेरीला कोलकात्यातल्या गोऱ्या साहेबांच्या घरांत दिसू लागला. मग तो बंगले, कचेऱ्या, छावण्या आणि न्यायालयांत पसरला. त्याला दोर बांधायचा, तो भिंतीतल्या भोकातून कप्पीवरून बाहेर न्यायचा, आणि बाहेर व्हरांड्यात एक माणूस बसवायचा. त्याने दिवसभर, उन्हाळ्यात रात्रभरसुद्धा, तो दोर ओढत राहायचं. भिंतीच्या आत वारा आणि भिंतीबाहेर वारा करणारा. छताला वारा टांगण्याची आणि भिंतीला भोक पाडून त्याची शक्ती बाहेरून आत आणण्याची कल्पना वायरमनच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा त्या भोकातून दोर येत होता, एवढाच फरक.

रात्री पंखेवाल्याला डुलकी लागे. दोर थांबे, साहेबाला जाग येई. मग शिवी, बूट, लाथ. त्या लाथेने पंखेवाला मेला, असे खटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक चालले. बचाव ठरलेला असे. हिवतापाने या माणसाची प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, आधीच वाढली होती. साध्या धक्क्याने ती फुटली. मारण्याचा हेतू नव्हता. पुष्कळदा दंडावर किंवा थोडक्या कैदेवर सुटका होई. देशी वर्तमानपत्रं यावर संतापून लिहीत. वारा या विषयावर मी इतक्या शांतपणे बोलतो आहे, पण त्याच्या पोटात हे रक्त आहे, ते विसरून चालणार नाही.

इंग्रजी साहित्यातला सगळ्यात लक्षात राहणारा पंखेवाला ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त आहे. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या मराठी राजाकडे, तुकोजीराव पवारांकडे, खासगी चिटणीस होते, त्यामुळे आपलाही त्यांच्याशी धागा आहे. कादंबरीत खटला चालू असतो, सगळं गाव पेटलेलं असतं, आणि कोर्टात एक देखणा, गरीब माणूस पंख्याचा दोर ओढत बसलेला असतो. खटला कशाचा, हे त्याला माहीत नाही. निकाल लागतो, कोर्ट रिकामं होतं, तरी तो ओढतच राहतो. लेखकाने त्याला नाव दिलेलं नाही. इतिहासानेही अशा माणसांना क्वचितच दिलं.

आता वीज. अमेरिकेत १८८२ मध्ये स्कायलर व्हीलर यांनी टेबलावरचा विजेचा पंखा केला. त्याच दशकात फिलिप डील यांनी पंखा छताला नेला. डील शिवणयंत्राच्या कारखान्यातले गृहस्थ, शिवणयंत्रासाठी केलेल्या मोटरीलाच त्यांनी पाती बसवली. शिवणयंत्र आणि पंखा यांचं हे नातं आपल्याकडेही टिकलं. ‘उषा’ हे नाव आपल्या घरांत दोन्हींवर वाचलं गेलं.

कोलकात्यात १८९९ मध्ये इमामबाग लेनचं वीजकेंद्र सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी आपल्या निवासात वीज आणि विजेचे पंखे आणवले, पण मोठ्या दालनात हाताने ओढायचे पंखेच ठेवले. फिरत्या पात्यांपेक्षा त्यांना तो संथ झोका भारदस्त वाटे. दोर दुसऱ्याच्या हातात असला की झोका भारदस्तच वाटणार. मुंबईत वीज आणि ट्रामसाठी १९०५ मध्ये कंपनी आली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं केंद्र सुरू झालं आणि लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी घाटाखाली पडून गिरण्या चालवू लागलं. पुढच्या मुळशी धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला, सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. धरण झालंच. ती वीज मुख्यतः गिरण्यांची आणि पुढे रेल्वेची, पण मुंबईच्या पंख्यांनाही तीच मिळाली. पंखेवाला व्हरांड्यातून उठला तो पार सह्याद्रीपलीकडे गेला, दिसेनासा झाला. असं मला वाटतं.

आता आपल्या तुळईकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे.

मराठवाड्यातलं, सोलापूरकडचं माळवदाचं घर डोळ्यांसमोर आणा. दगड-मातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचन, आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. खोलीचं माप फुटांत नाही, खणांत. या छताला वरून भोक पाडणं म्हणजे पावसाळ्याला आमंत्रण. भिंतीत खोल खाच पाडून तार पुरणंही कठीण, कारण दगड हलला की मागची माती गळू लागते. म्हणून तार उघड्यावरूनच न्यायची. पहिल्या काळात चिनीमातीच्या छोट्या पकडी भिंतीवर ठोकून त्यांतून दोन तारा नेत. मग लाकडी खोबणीची पट्टी आली, खोबणीत तारा आणि वर झाकण. त्यानंतर जी आली ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे: सपाट सागवानी पट्टी, तिच्यावर रबरी आवरणाची तार, आणि चार-चार बोटांवर ती तार मिठीत धरणाऱ्या कल्हईच्या पितळी क्लिपा.

पट्टी भिंतीला धरायची कशी? भिंतीत भोक पाडून त्यात पाचरीसारखी लाकडी गुट्टी ठोकायची, भोवती गिलावा भरायचा, वाळला की गुट्टीत स्क्रू मारायचा. सिमेंटच्या भिंतीत गुट्टी जन्मभर राहते. मातीच्या भिंतीत ती सहा महिन्यांत डुगडुगायला लागते. म्हणून जाणता वायरमन भिंतीच्या नादी लागत नसे, तो लाकूड शोधे. दाराच्या चौकटीवरून वर, खांबाच्या कडेने तुळईपर्यंत, तुळईच्या बगलेतून खोलीच्या मध्यापर्यंत, अशी त्याची वाट. जुन्या घरात पट्टीचा हा वळणावळणाचा रस्ता पाहिला, की वायरमनने घराचा सांगाडा किती नेमका ओळखला होता ते कळतं. नकाशा नव्हता. टकटक करून लाकडाचा आवाज ऐकायचा, बस.

टांगण्याचं काम त्याहून जोखमीचं. पंख्याचं वजन फार नसतं. आजचा ४८ इंची पंखा चार-पाच किलोचा, जुने ओतीव लोखंडाचे त्याच्या दुप्पट आणि अधिकही. माणूस बसलेला झोपाळा पेलणाऱ्या तुळईला त्याचं काय? पण झोपाळा थांबतो, पंखा मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा फिरतो आणि तासन्‌तास फिरत राहतो. एक पातं किंचित वाकलेलं असलं तरी तो थरथर दांड्यातून कडीत आणि कडीतून लाकडात उतरवतो. आट्यांची कडी लाकडात नुसती पिळून बसवली असेल, तर ही थरथर तिला दररोज कणभर उलटी पिळत असते. म्हणून जुने सुतार तुळईला आरपार भोक पाडून बोल्ट घालत आणि वरून पत्र्याची चकती देऊन नट आवळत. भोक पाडून तुळई दुबळी करायची नसेल तर लोहाराकडून पट्टा करून आणत. तो तुळईला तिन्ही बाजूंनी कवटाळतो आणि कडी त्यातूनच खाली येते. दुसरा उपाय मला जास्त पटतो. वाळवीने आतून पोखरलेली तुळई बाहेरून साबूत दिसते, तिला भोक पाडायला जावं तर भुसाच हाती येतो.

पुष्कळ घरांनी सोपी वाट काढली. पाळण्याची कडी होतीच, पंखा तिलाच टांगला. ती कडी माजघरात, भिंतीच्या अंगाला असायची. पाळणा तिथे बरोबर होता, कारण बाळंतिणीच्या खाटेवरून तिचा हात पुरायला हवा. पंखा तिथे चूक होता, त्याची पाती भिंतीजवळून फिरायची आणि खोलीचा अर्धा भाग कोरडा राहायचा. पण कडी तयार होती. मग घरात नवं बाळ आलं की प्रश्न, पाळणा कुठे बांधायचा? काही घरांत उन्हाळाभर पंखा आणि एरवी पाळणा असं चाले. पंखा उतरवून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा, पुन्हा होळीनंतर चढवायचा. आता पाळणे लोखंडी स्टँडवर आले आणि हे भांडण मिटलं.

माळवदाची दुसरी अडचण उंचीची. लहान घरांची माळवदं बुटकी. पंखा छताला चिकटवून लावला तर डोक्याला धोका नाही, पण वाराही नाही. पंखा वरची हवा ओढून खाली सोडतो. पाती आणि छत यांच्यात फूटभर तरी मोकळीक नसेल, तर ओढायला हवाच उरत नाही. आणि पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास वर असावीत, नाहीतर टोपलं डोक्यावर घेऊन आलेल्या बाईच्या हाताचं काय? या दोन मापांत न बसणारी खोली असली, की शहाणा वायरमन भिंतीवरचा पंखा घ्या म्हणून सांगतो.

खरं तर माळवदाला पंख्याची गरज सगळ्यात कमी होती. पांढरी माती दिवसभराचं ऊन पिऊन घेते, आत गारवा राहतो. गरज वाढली ती पत्र्यांमुळे. लाकूड महागलं, दर पावसाळ्याआधी माती टाकायला माणसं मिळेनात, गळतीला लोक कंटाळले, आणि माळवदं उतरून वर पत्रे चढले. पत्र्याखाली मेच्या दुपारी बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. तिथे पंखा लावायचा तर पत्र्याला टांगता येत नाही. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर लोखंडी पाइप किंवा अँगल टाकायचा आणि त्याला पंखा. तो बिचारा पत्र्याखालची तापलेली हवाच खाली ढकलत बसतो. घर बदललं म्हणून पंखा आला, हे क्वचितच कुणी म्हणतं. आपण पंखा आला म्हणजे सुधारणा झाली असं धरून चालतो.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ जून १९६० मध्ये स्थापन झालं आणि खेड्यांत खांब जाऊ लागले. आधी चौकातला दिवा, मग विहिरीवरची मोटार, मग घरातला एक बल्ब. पंख्याचा नंबर शेवटी. त्यामुळे गावातल्या कित्येक घरांत तार आली ती बल्बपुरती, बारीक, एका दाराजवळच्या बटणापर्यंत. पंखा मात्र अनेकदा लग्नातून आला. लेकीबरोबर आंदण म्हणून, आमच्यात जहेज म्हणून. खोक्यात बंद पंखा घरी आहे, पण खोलीच्या छताला ना तार, ना कडी. मग बल्बच्याच तारेला दुसरं तोंड फोडायचं. जोड तुळईवरच्या अंधारात, त्यावर नुसती कापडी टेप. वर उंदरांचं राज्य आणि पावसाळ्यात झिरपणारी ओल. जुन्या घरांतल्या पंख्यांबद्दल जी भीती असते ती पंख्याची नसून या जोडाची आहे, हे वायरमन लोक फार वर्षांपासून सांगत आले आहेत.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यांतली कितीतरी दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचं ते जाड माळवद अंगावर येऊन झोपेतच गेली. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला, तिच्याखाली झोपायला त्यानंतर लोक धजेनात. भूकंपाच्या गावांबाहेरही माळवदं उतरू लागली. नव्या वस्त्यांतल्या बहुतेक घरांवर स्लॅब किंवा पत्रे आले. स्लॅबमध्ये सळया बांधतानाच पंख्याचा हूक अडकवतात, तारेची नळी टाकतात आणि मग काँक्रीट ओततात. पाळण्याच्या कडीसारखीच पंख्याची कडी आता घराबरोबर जन्माला येते. पण स्लॅब तापतो, तो रात्रीही तापलेलाच असतो. तिथे पंखा चैनीचा राहिला नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तो तासन्‌तास थांबायचा, तेव्हा लोक गच्चीवर, अंगणात झोपायला जात आणि म्हातारी माणसं पदराने, वर्तमानपत्राने नातवंडांना वारा घालत.

आज अशा खोलीत पंखा लावायचा असेल तर काम तेच आहे, सामान बदललं आहे. लाकडी पट्टीची जागा प्लास्टिकच्या झाकणाच्या पट्टीने घेतली. तार थेट बोर्डावरून स्वतंत्र आणावी, बल्बची तार वाढवू नये, अर्थिंगची तिसरी तार सोबत असावी. हूक तुळईला, गर्डरला किंवा स्लॅबलाच हवा, खालच्या प्लास्टरच्या खोट्या छताला नव्हे. वरच्या टोकाच्या बोल्टमध्ये कॉटर पिन घातली आहे का, ते शिडीवर चढून स्वतः पाहावं. परवानाधारक वायरमनला बोलवावं, हे सांगायला नकोच. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खाई, नव्या जातीचे ३० च्या आसपास भागवतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं आहे.

एक जागा राहिली. जुन्या दगडी मशिदी आणि देवळांचे सभामंडप. तिथे खिळा मारणंही जिवावर येतं. मशिदीच्या घुमटाच्या मध्यावर झुंबराची कडी असते, तिला लांबलचक दांड्याने पंखा टांगतात. बाकीच्या ठिकाणी कमानीपासून कमानीपर्यंत लोखंडी पाइप, आणि त्याला नमाजाच्या सफांच्या ओळीने पंखे. त्यांच्या पात्यांवर पेंटरने रंगवलेली अक्षरं असतात. मरहूम अमुक यांच्या ईसाले सवाबसाठी, कधी उर्दूत, आपल्याकडे पुष्कळदा देवनागरीत. देवळात कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. गेलेल्या माणसाच्या नावाने वारा घालायचा, त्याचं पुण्य त्याला पोचवायचं. पंखा चालू असताना नाव वाचता येत नाही, थांबला की येतं.

आता मशिदींच्या कमिट्या वीजबिल पाहून कमी वीज खाणारे पंखे घ्यायचं म्हणतात. मग प्रश्न निघतो, जुन्या पात्यांवरच्या नावांचं काय करायचं? जुनी पाती नव्या मोटरीला बसत नाहीत, आणि भंगारात नाव विकायला कुणाचं मन होत नाही. काही ठिकाणी पेंटरला पुन्हा बोलावतात आणि नव्या पंख्यांवर जुनीच नावं लिहून घेतात.